रोहिणी गर्जेच्या नावावरचे चौतीस लेख

रोहिणी गर्जे पाथर्डीच्या अध्यापक महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे तास असला की प्राध्यापक आणि सुट्टी लागली की घरची सून. या नऊ वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली पोरंपोरी जिल्हा परिषदेच्या शाळांत कायम झाली, एकदोघे केंद्रप्रमुखही झाले, आणि बाई मात्र दर जूनला नवा अर्ज भरून पुन्हा त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर. त्यामुळे संस्थेनं यंदा एक कायम जागा भरायची जाहिरात काढली, तेव्हा रोहिणीनं ती तीनदा वाचली. छत्तीस वय झालं होतं. पुढची जाहिरात कधी निघेल ते संस्थेलाही ठाऊक नव्हतं.

जाहिरातीत सगळं नेहमीचं होतं. सातवी अट तेवढी नवी होती. उमेदवारानं आपल्या ऑनलाइन संशोधक-प्रोफाइलची छापील प्रत अर्जाला जोडावी.

आता हे प्रोफाइल म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंटरनेटवर संशोधकांसाठी साइट असतात. तिथं आपलं नाव, कॉलेज आणि विषय लिहायचा, म्हणजे आपले छापून आलेले लेख एका पानावर गोळा होतात. जगात कुणीही ते पान उघडून बघावं आणि म्हणावं, हां, या बाईंनी हे काम केलंय. त्याच पानाच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, उद्धरणांचा. आपल्या लेखाचा आधार दुसऱ्या कुणी आपल्या लेखात घेतला, की झालं एक उद्धरण. दहा जणांनी घेतला की दहा. बाहेरच्या माणसाला लेख वाचायला सवड नसते, तो आकडा वाचतो.

रोहिणीचे लेख होते पाच. विषय एकच, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं गणित. तोडीच्या टोळीत नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि एकटं माणूस असलं तर तो 'अर्धा कोयता'. शाळेत कधी न बसलेलं सात वर्षांचं पोरगं, टोळीत साडेअकरा कोयते आहेत म्हटलं की तेवीस माणसं हे क्षणात सांगतं. पण पाटीवर अर्धा लिहून दाखवला की तेच पोरगं गोंधळतं. असं का होतं आणि शिक्षकानं त्यावर काय करावं, हे रोहिणीनं चार हंगाम टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर जाऊन, मुलांबरोबर बसून लिहिलं होतं. लेख छोट्या नियतकालिकांत आले होते. प्रोफाइल मात्र तिनं कधी केलं नव्हतं. आपलं काम आपणच फळ्यावर लिहून त्याखाली उभं राहायचं, हे तिला कसंसंच वाटायचं.

"म्याडम, पंधरा मिनिटांचं काम हाय," छगन म्हणाला.

छगन कॉलेजच्या ऑफिसात लिपिक. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो की आधारची दुरुस्ती, अर्ध्या तालुक्याचे ऑनलाइन फॉर्म त्यानं भरले असतील. अर्जाचा शेवटचा दिवस होता. चार वाजता रोहिणीला विद्यार्थ्यांचे सराव पाठ बघायला जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं होतं. तिनं पाचही लेखांची नावं कागदावर लिहून दिली, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला आणि ती गेली.

छगननं फॉर्म भरायला घेतला. साइटनं एक लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, हे लेख तुमचे आहेत का? यादीत आर. गर्जे या नावाचे जेवढे लेखक जगात होते, त्या सगळ्यांचे लेख होते. छगनचा आयुष्यभराचा अनुभव एकच होता. ऑनलाइन फॉर्म जे विचारील त्याला 'होय' म्हणायचं. 'नाही' दाबलं की एकतर फॉर्म बाद होतो, नाहीतर तलाठ्याचा दाखला मागतो. त्यानं सगळ्यांना 'होय' दाबलं, छापील प्रत काढली, अर्जाला जोडली आणि अर्ज पाच वाजायच्या आत संस्थेकडे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी कॉलेजात पाय ठेवते न ठेवते तोच प्राचार्य ढाकणे सर समोरून आले. हातात मोबाईल.

"गर्जे मॅडम! एकोणचाळीस लेख! चारशे बारा उद्धरणं! आणि आम्हाला पत्ता नाही? अहो, मी ग्रुपवर टाकलंसुद्धा."

रोहिणीला वाटलं, सर थट्टा करताहेत. तिनं ऑफिसात जाऊन ते पान उघडायला लावलं. वर तिचं नाव, तिचा फोटो, 'पाथर्डी, महाराष्ट्र'. खाली पहिलाच लेख कोळंबीच्या शेपटीवर पडणाऱ्या बुरशीचा. दुसरा समुद्राखालून जाणाऱ्या पाइपांच्या गंजाचा. तिसरा पुन्हा कोळंबीचा. मग दाताच्या मुळांवरचे उपचार. तिचा साडेअकरा कोयत्यांचा लेख शोधायला खूप खाली जावं लागलं.

"छगनभाऊ, मी जन्मात कोळंबी पाहिली नाही हो."

"पन नाव तुमचंच हाय की म्याडम. आर. गर्जे."

"अहो, आर म्हणजे रमेश असेल, राजेंद्र असेल. मी कागदावर पाच नावं लिहून दिली होती ना?"

छगननं कागद शोधला. कीबोर्डच्या खाली होता. तो हळूच म्हणाला, "आता फॉर्म तर गेला. पोच आलीय."

रोहिणी तडक ढाकणे सरांकडे गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"मॅडम, तुम्ही स्वतः काही लिहिलंत का, की हे माझे आहेत म्हणून?"

"नाही."

"कुणाचा लेख चोरलात?"

"नाही, पण…"

"मग? साइटनं दिलंय, साइट बघून घेईल. अर्ज तेवीस आलेत, मुलाखतीला पाचच बोलावणार. तुमचे खरे आकडे घातले तर तुम्ही पाचांत बसाल का, ते मला सांगता येणार नाही. नऊ वर्षं झाली मॅडम. एकदा आत या, मग सावकाश दुरुस्त करा."

रोहिणीनं त्यावर 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. उद्या संस्थेला पत्र लिहू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीचा पाठ फारच बिघडला, तिच्याजवळ बसावं लागलं. तिसऱ्या दिवशी रविवार. खरं सांगायचं तर पत्राला पाच ओळी पुरल्या असत्या, आणि हे तिला चांगलं माहीत होतं. असे आठ दिवस गेले आणि यादी लागली. मुलाखतीला पाच जण. गुणांच्या क्रमानं पहिलं नाव, गर्जे रोहिणी कल्याण.

त्या दिवशी ती एस.टी.नं गावच्या फाट्यावर उतरली, तर समोर फ्लेक्स. तिचा लग्नातला फोटो, शेजारी सासऱ्यांचा, खाली 'चारशे बारा उद्धरणांच्या मानकरी' आणि 'शुभेच्छुक: गोरक्षभाऊ मित्रमंडळ'. उद्धरण म्हणजे काय, हे मंडळातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण चारशे बारा हा आकडा सगळ्यांना कळत होता.

घरी तिचे सासरे कारभारी ओट्यावर बसले होते. वीस वर्षं त्यांनी टोळीचं मुकादमपण केलं होतं. सुनेनं लग्नानंतर शिकायचं म्हटलं तेव्हा भावकीत नाकं मुरडली गेली, तेव्हा हेच म्हणाले होते की शिकू द्या, आमच्या घरात कोयते लई झाले. तिचा नवरा कल्याण एस.टी.वर ड्रायव्हर, तो दोन दिवस ड्युटीवर बाहेर होता.

"बघितला का?" कारभारींनी विचारलं. "फोटू जरा काळा आलाय माझा."

"मामा, तो उतरवायला सांगा."

"का? नाव चुकलं का काय?"

रोहिणी पायरीवरच बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासूबाई रंगुबाई उंबऱ्यात निवडायला डाळ घेऊन बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला.

"म्हंजी लेख दुसऱ्याचं आन नाव तुझं," कारभारी म्हणाले.

"नाव माझ्यासारखं. लेख दुसऱ्यांचे."

"त्या लोकांचं काय कमी झालं का त्यानं?"

"नाही. त्यांच्या पानावर ते आहेतच."

"मंग ऱ्हाऊ दी की!"

"आन उद्या त्यांनी इचारलं," रंगुबाई मध्येच म्हणाल्या, "का बाई, ती कोळंबी का काय, ती कशानं मरती ते सांग. मंग काय सांगंल ही?"

"तू गप. तुला कोळंबी म्हंजी काय ठावं का?"

"मला न्हाई ठावं. तिलाबी न्हाई. त्येच म्हनते मी."

कारभारींनी फाट्याकडं पाहिलं. त्यांना पटलं होतं असं नव्हे. फाट्यावर चार माणसांत बसून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला होता. शेवटी ते उठले आणि पायताण घालू लागले. "गोरक्षला सांगतो फ्लेक्स उतरवायला. वाऱ्यानं फाटला म्हनावं. पन मुलाखतीत काय बोलायचं ते तुझं तू ठरीव. नोकरी तुझी हाय."

दुसऱ्या दिवशी रोहिणी छगनशेजारी खुर्ची ओढून बसली. तिनं चौतीस लेख एकदम काढले नाहीत. एकेक उघडला, लेखकाचं पूर्ण नाव वाचलं, 'माझा नाही' असं मोठ्यानं म्हटलं आणि मगच खूण करून काढला. लहान मुलाला बेरीज तपासायला लावताना ती हेच करायला लावायची. बोट ठेव, वाच, मग पुढं जा. छगन आधी कंटाळला, मग तोच म्हणायला लागला, "ह्यो बी न्हाई. ह्यो तर डाक्टर हाय." तासाभरात पानावर पाच लेख उरले. कोपऱ्यातला आकडा सात झाला.

"सातच?" छगन म्हणाला.

"सातच. आणि त्यातली दोन माझीच आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या लेखात मी पहिल्याचा आधार घेतला तेव्हाची."

छगननं नवी प्रत छापली. त्यानं ती तिच्या हातात दिली नाही, पाकिटात घालून दिली.

मुलाखत नगरला संस्थेच्या कार्यालयात होती. सकाळच्या गाडीनं करंजी घाट ओलांडून ती साडेनऊला पोचली. व्हरांड्यात बाकावर बाकीचे चौघं बसले होते. कर्जतचे सुनील सर, शिर्डीकडच्या एका कॉलेजातली राजनंदिनी, आणि दोघं जण ती नावानं ओळखत नव्हती असे. पहिला क्रमांक तिचा, त्यामुळे पहिली हाकही तिलाच.

आत तिघं होते. मधे संस्थेचे सचिव श्रीमंतराव, एका बाजूला पुण्याहून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे सबंध वेळ फक्त लिहीत होते.

"या, या," श्रीमंतराव म्हणाले. "चारशे बारा! पाथर्डीत बसून हे कसं जमवलंत, तेच आधी सांगा."

"सर, तेच आधी सांगायचं आहे. मी जमवलेलं नाही." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "एकोणचाळीसातले चौतीस लेख माझे नाहीत. नावाच्या साम्यामुळे आले. प्रोफाइल भरताना चूक झाली. माझे पाच आहेत. ही दुरुस्त प्रत."

लिहिणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं.

"हे तुमच्या लक्षात कधी आलं?" तज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"अर्ज पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे पंधरा दिवस झाले. मग इतके दिवस काय केलंत?"

रोहिणीकडे या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं तयार होती. छगनचं नाव घेता आलं असतं, ढाकणे सरांचंही.

"गप्प बसले," ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग नवी प्रत पाहिली. "सात. यात तुमची स्वतःची किती?"

"दोन."

"मग पाच म्हणा की."

"पाच."

श्रीमंतराव खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा पडला होता. बहुधा त्यांनीही तो आकडा कुठंतरी सांगून ठेवला असावा. "मॅडम, तुमचे संशोधनाचे गुण पुन्हा लावावे लागतील. त्यात तुम्ही या पाचांत राहाल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. बाहेर बसा."

ती दारापर्यंत गेली असेल, तेवढ्यात तज्ज्ञ बाईंचा आवाज आला, "आणि सचिवसाहेब, बाकीच्या चौघांच्या याद्या कुणी तपासल्यात?"

पाच मिनिटांनी आतला शिपाई व्हरांड्यात आला आणि त्यानं निरोप सांगितला. सर्व उमेदवारांनी आपापलं प्रोफाइल उघडावं, स्वतःचा नसलेला प्रत्येक लेख काढावा आणि तासाभरात नवी प्रत आत द्यावी. छपाई शेजारच्या खोलीत. गुण सगळ्यांचे नव्यानं लागतील.

व्हरांड्यात सगळ्यांनी रोहिणीकडे पाहिलं.

"काय हो पाथर्डीकर," सुनील सर म्हणाले, "स्वतः गेलात ते गेलात, आमचीबी झडती लावलीत?"

"तुमच्या यादीत काही आहे का तसं?"

"मला काय माहीत! नेटकॅफेवाल्यानं भरलंय." त्यांनी मोबाईल उघडला, बराच वेळ पान वरखाली केलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम… हे काढायचं कसं असतं?"

चौघांतल्या तिघांना ते माहीत नव्हतं. रोहिणीला चार-पाच दिवसांपूर्वीच तासभर सराव झाला होता. ती सुनील सरांच्या बाकावर सरकली. "हे बघा, लेखाच्या आधी चौकोन आहे, तिथं खूण करा. थांबा, आधी नाव वाचा. मोठ्यानं."

"मोठ्यानं कशाला? पहिलीतला हाय का मी?"

"मनातल्या मनात वाचलं की डोळा पुढं पळतो."

सुनील सर वाचू लागले. सहा लेख त्यांचे नव्हते, त्यातला एक तर त्यांच्या जन्माच्या आधीच्या वर्षी छापलेला होता. त्यावर ते स्वतःच हसले. मग तिनं दुसऱ्याला दाखवलं, मग तिसऱ्याला. कुणाचे दोन निघाले, कुणाचा एक.

राजनंदिनी शेवटी तिच्याजवळ आली. तिशीतली, बारीक अंगाची, हातात पाण्याची बाटली घट्ट धरलेली. "ताई, माझं मी स्वतःच भरलं होतं. पण आता भीती वाटायला लागली. एकदा माझ्याबरोबर बघता का?"

तिचे लेख अकरा होते. शाळा सोडणाऱ्या मुलींवर. रोहिणीनं पहिल्यावर बोट ठेवलं. "हा तुझा?"

"माझा."

"हा?"

"माझा. सोबत माझे मार्गदर्शक आहेत."

"आणि हा?"

"हा लिहिताना निकिता पोटात होती माझी. टेबलाशी बसता यायचं नाही, पलंगावर बसून लिहिलाय."

अकराच्या अकरा तिचेच. रोहिणीनं पुन्हा वरून खालपर्यंत पाहिलं. उद्धरणं त्रेसष्ट. तिच्या मनात आकडेमोड आपोआप झाली. आत पाठवायच्या आधीच तिला कळलं होतं की हिच्या पुढं आपण जात नाही.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. "छापून घे. उजवीकडच्या प्रिंटरची शाई संपलीय, डावीकडचा वापर."

गुण नव्यानं लागले. रोहिणी पाचांत राहिली, पण पहिल्यावरून चौथी झाली. मग तिला पुन्हा आत बोलावलं, पाठ घ्यायला लावला, प्रश्न विचारले. पाठ तिनं अपूर्णांकांचाच घेतला आणि तो चांगला झाला. लिहिणारे गृहस्थही मधेच मान हलवत होते. पाठाच्या गुणांनी तिला चौथ्यावरून दुसऱ्यावर आणलं. त्यापुढं नेलं नाही.

निकाल चौथ्या दिवशी लागला. नियुक्ती राजनंदिनीची. प्रतीक्षायादीत पहिलं नाव रोहिणीचं, आणि राजनंदिनीसारखी पोरगी मिळालेली जागा सोडणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ढाकणे सर त्या दिवशी तिच्याशी कामापुरतंच बोलले. जूनच्या तासिकांचा कोरा अर्ज मात्र त्यांनी स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवला.

ती घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. कारभारी वाटच बघत होते.

"दुसरी आले, मामा."

"दुसरीला देत न्हाईत का?"

"जागा एकच."

"जिला मिळाली तिचं किती हुतं?"

"अकरा लेख."

"आन ते खरं हुतं का? का तिचीबी कोळंबीच?"

"खरे होते. मीच तपासले."

कारभारींनी मान वर केली. "तूच? तिचं?"

"तिनंच मागं लागून तपासून घेतले. घाबरली होती."

"एखादा तरी खोटा निघायचा."

"नाही निघाला."

"नीट बघितलं हुतंस ना?"

"दोनदा."

कारभारींनी तंबाखूची डबी उघडली, मिटली. आतून रंगुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो सुनेपुढं ठेवला आणि तिथंच बसल्या.

"तुझं पाच, तिचं अकरा," त्या म्हणाल्या. "म्हंजी अजून किती लिहावं लागत्याल?"

"सहा-सात तरी."

"कशावर लिहितीस?"

"पोरींवर लिहायचंय आत्या. तोडीवर असताना धाकटी भावंडं सांभाळतात ना, त्यांच्यावर. पण त्यासाठी हंगामात कोपीवर जाऊन राहावं लागेल. दिवाळी झाली की."

"एकलीच?"

"कल्याणला रजा मिळायची नाही."

रंगुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "अवो, औंदा आपल्या गावची टोळी कोनच्या कारखान्याला जानार हाय?"

"अजून ठरलं न्हाई," कारभारी म्हणाले. "का?"

"ठरलं की सांगा. म्या जाते हिच्यासंगं. माझ्यासमोर पोरी बोलत्याल, हिच्यासमोर सगळ्या शाळंतल्यावानी गप बसत्यात."

"आन माझ्या भाकरीचं काय?"

"वीस वर्सं टोळ्या संबाळल्या नव्हं तुमी?" रंगुबाई उठत म्हणाल्या. "मंग चार भाकरी बडवाया काय हुतंय."